साठ पैशांच्या वेताळाचे सातशे कसे झाले?

कव्हरवर छापलेली किंमत ६० पैसे. विकणाऱ्याने सांगितलेली किंमत ७०० रुपये. नागपुरात सीताबर्डीच्या फूटपाथवर स्पर्धा परीक्षांची गाइडं आणि इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं यांच्या मधोमध तो अंक पडला होता. मराठी इंद्रजाल कॉमिक्स, वेताळाची, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमची गोष्ट. कोपरे झिजून गोल झालेले, पाठीवर तपकिरी पडलेली सेलोटेप, आणि शेवटचं पान गायब.

"भाऊ, याचं शेवटचं पानच नाही," मी म्हटलं.

"माहीत हाये न. म्हणून तं सातशे सांगून राहिलो. पूर्ण असतं तं इथं फूटपाथवर ठेवलं असतं का?"

याच माणसाकडून मी कधीकाळी वीस-वीस रुपयांना असे अंक उचलले आहेत. तेव्हा तो अंकाकडे न पाहताच पैसे सांगायचा. आता आधी मोबाइल पाहतो. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही पाहिला असता. पण मनातला हिशेब काही सुटेना, म्हणून घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४मध्ये सुरू झालं. टाइम्स ऑफ इंडिया काढणाऱ्या संस्थेचंच ते प्रकाशन. सुरुवातीची किंमत ६० पैसे. महागाई वर्षाला सरासरी साडेसात टक्के धरली, तर साठ वर्षांत कुठल्याही वस्तूची किंमत साधारण ७७ पट होते. म्हणजे साठ पैशांचे आजचे ४६ रुपये. दुकानदाराच्या सातशेपैकी एवढेच महागाईचे. उरलेले साडेसहाशे कशाचे, ते पाहायचं आहे.

रद्दीवाल्याची कृपा

जुनी कॉमिक्स दुर्मीळ असतात ती कमी छापली म्हणून नव्हे. छापली भरपूर, पण ठेवली कोणी नाही.

सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, जून १९३८चा. किंमत १० सेंट. त्याच्या अंदाजे दोन लाख प्रती छापल्या होत्या. आज शंभरेक उरल्या असाव्यात असं जाणकार मानतात. बाकीच्या मुलांनी वाचून फाडल्या, आयांनी फेकल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरोघरचा कागद गोळा करण्याची मोहीम निघाली तेव्हा ढिगांनी लगद्यात गेल्या. उरलेल्या शंभरांतली एक प्रत एप्रिल २०२४मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. आपले सुमारे ५० कोटी.

आपल्याकडे युद्धाची गरज पडली नाही. वार्षिक परीक्षा संपली की रद्दीवाला दारात हजर असायचा, तराजू घेऊन. त्यात नागपूरची आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे भाड्याने कॉमिक्स देणारी दुकानं. महाल-इतवारीत लहान झालेल्यांना ती आठवतील. सायकल दुरुस्तीच्या किंवा पानाच्या ठेल्याला लागून एक लाकडी कपाट, आणि दोन खिळ्यांना बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी उघडी टांगलेली कॉमिक्स. तिथेच बाकावर बसून वाचलं तर कमी पैसे, घरी नेलं तर जास्त. एकेक अंक शंभर-शंभर हातांतून जायचा. तो टिकावा म्हणून मालक कव्हराला खाकी कागद चिकटवायचा, पाठीला तीन जादा पिना ठोकायचा आणि पहिल्या पानावर शिक्का मारायचा. मग केबल टीव्ही आला आणि दुकानं बंद झाली. इंद्रजालही १९९०मध्ये बंद पडलं. तोवर त्याचे आठशेवर अंक निघाले होते. दुकानांतला माल गेला तो थेट रद्दीत.

या शहराचा एक फायदा मात्र जमवणाऱ्याला होतो. १९५६पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग इथेच एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथल्या घरांत मराठी आणि हिंदी दोन्ही कॉमिक्स यायची. सकाळी मराठी वेताळ, संध्याकाळी हिंदीत चाचा चौधरी. पुण्याचा जमवणारा मराठी शोधतो, दिल्लीचा हिंदी शोधतो. आपल्याला एकाच गठ्ठ्यात दोन्ही सापडतात, आणि जे आपल्याला नको ते दुसऱ्याला देऊन हवं ते घेता येतं. याचा उपयोग पुढे सांगतो.

पन्नाशीतली मुलं

माल कमी असला की किंमत वाढतेच असं नाही. माझ्याकडे १९८०च्या सुमाराचं विजेचं बिल आहे, तेही दुर्मीळच म्हणायचं. ते कोणाला हवंय?

कॉमिक्सला भाव येतो तो माणसाच्या वयामुळे. दहाव्या वर्षी जे वाचलं ते पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा हवंसं वाटतं, आणि नेमके तेव्हा खिशात पैसेही असतात. मुलं मोठी झालेली, घराचे हप्ते संपत आलेले. आबिद सुरती यांनी डिसेंबर १९७६मध्ये इंद्रजालमध्ये बहादूर हा नवा नायक आणला. ज्यांनी तेव्हा तो दर अंकाला वाट पाहून वाचला, ते आज साठीच्या आसपास आहेत. हिंदी राज कॉमिक्सचे नायक त्यानंतरचे, नागराज १९८६चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७चा. त्यांचे वाचक आता चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे निघालेत. राज कॉमिक्सच्या सुरुवातीच्या अंकांसाठी आज जी ओढाताण चालते तिचं निम्मं कारण एवढंच.

ही लाट सरकतही असते. मराठी चांदोबाच्या पन्नासच्या दशकातल्या अंकांची ओढ ज्यांना होती ते आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांची नातवंडं तो वारसा सांभाळतीलच याची मला खात्री नाही. माझा अंदाज असा की काही जुन्या गोष्टी आणखी जुन्या होतील आणि तरी स्वस्त होतील. हा माझा अंदाज आहे, त्यावर पैसे लावू नका.

भाव ठरवायला दोनच माणसं लागतात

बहुतेकांचा घोटाळा इथे होतो, म्हणून सावकाश सांगतो.

समजा एक अंक लिलावात आला. एका डॉक्टरला तो काहीही करून हवाय, तो ५,००० पर्यंत जाईल. दुसरा एक जण १,२०० पर्यंत जाईल. बाकीचे सगळे ३०० च्या वर हात वर करणार नाहीत. अंक कितीला जाईल? ५,००० ला नाही. दुसरा थांबतो तिथे डॉक्टर जिंकतो, म्हणजे १,२०० च्या थोडं वर. दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपांवर बातमी फिरते की या अंकाचा भाव बाराशे झाला.

मग कोणीतरी माळा धुंडाळून तोच अंक बाहेर काढतो आणि विकायला लावतो. आता डॉक्टर बाजारात नाही, त्याला त्याची प्रत मिळाली. दुसरा एकटाच उरला. बाकीचे ३०० ला थांबतात, म्हणून त्याला तो तीनशेच्या थोडं वरच मिळतो. आणि तिसरी प्रत? तीनशे.

एकच अंक, तीन प्रती आणि दोन अगदी वेगळे भाव. मोठ्या बाजारात, म्हणजे सोन्याच्या किंवा शेअरच्या, एक डॉक्टर आला-गेला तर काही फरक पडत नाही. पण मराठी इंद्रजालचा एखादा ठरावीक अंक मनापासून शोधणारी माणसं किती असतील? खोलीत मावतील एवढी. अशा पातळ बाजारात एका माणसाचा हट्ट म्हणजे बाजारभाव होऊन बसतो. बर्डीचा दुकानदार मोबाइलवर पाहतो तो हा बाराशेचा आकडा.

कित्येकदा तर तोही नसतो. तो पाहतो कोणीतरी मागितलेली किंमत. ऑनलाइन कोणी अंकाला दहा हजार लावले म्हणून अंक दहा हजारांचा होत नाही. मीही माझ्या जुन्या स्कूटरचे दोन लाख लावू शकतो. विकत घेताना पाहायचा तो विकला गेलेला भाव, आणि तोही एकच नव्हे, जमल्यास तीन-चार. ही एवढी सवय लावून घेतली तरी निम्मे पैसे वाचतात.

परदेशी अंक घेणाऱ्यांना वर रुपयाचाही मार बसतो. २०१०च्या सुमाराला डॉलर ४५-४६ रुपयांना होता, २०२४मध्ये ८३-८४ला. अंकाचा डॉलरमधला भाव तसूभर वाढला नाही तरी आपल्याला तो पावणेदोन पटीच्या पुढे महाग पडला. टपालखर्च आणि कस्टम त्यावर.

पिनेचा गंज आणि दशांश चिन्ह

२०००मध्ये अमेरिकेत सीजीसी नावाची कंपनी सुरू झाली. तुम्ही अंक पाठवायचा. ते तो तपासून ०.५ ते १० यांमधला आकडा देतात आणि प्लास्टिकच्या कडक पेटीत सील करून परत पाठवतात. यानंतर कॉमिक्सचा धंदाच बदलला. आधी "चांगल्या स्थितीत आहे" म्हणजे काय यावर भांडणं व्हायची. आता न पाहता, फोनवरून, आकड्यावर सौदा होतो. आणि न पाहता सौदा होऊ लागला की ज्यांना वाचण्यात काडीचा रस नाही ते पैसेवालेही बाजारात येतात. पेटी उघडली की आकडा रद्द, त्यामुळे त्या पेटीतलं कॉमिक्स पुन्हा कोणी वाचत नाही. मला हा प्रकार लोणच्याची बरणी सील करून शोकेसमध्ये ठेवण्यासारखा वाटतो, पण असो.

आकडा आणि किंमत यांचा संबंध सरळ रेषेत नसतो. चारावरून सहावर गेलात तर किंमत दीडपट होईल असं नाही. वरच्या टोकाला ती कड्यासारखी उभी चढते. स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो १९६२चा अंक, तेव्हाची किंमत १२ सेंट. त्याची ९.६ आकड्याची प्रत सप्टेंबर २०२१मध्ये ३६ लाख डॉलरला गेली, म्हणजे सुमारे २६ कोटी रुपये. त्याच अंकाची फाटकी, डागाळलेली प्रत हजारो डॉलरांत मोजतात. शब्द तेच, चित्रं तीच.

आकडा खाली येतो तो क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी. पिनेभोवतीचा गंज. पाठीवरच्या बारीक पांढऱ्या चिरा. पेनाने लिहिलेलं नाव. १९७४च्या एका हल्कच्या अंकात, जिथे वूल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण दिसतो, आत कापून चिकटवायचं एक छापील तिकीट होतं. मुलांनी इमानदारीत ते कापलं. आज ते तिकीट शाबूत आहे की नाही यावर त्या अंकाची किंमत कितीतरी हलते. आणि एका अंकाचं पान किंवा कव्हर दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलं असेल, तर तिकडे त्याला चक्क 'लग्न लावलेली प्रत' म्हणतात आणि तसं लेबलावर नोंदवतात.

या मापाने आपली कॉमिक्स मोजायला गेलं तर रडू येईल. भाड्याच्या दुकानाचा शिक्का, खाकी कागद, जादा पिना, शब्दकोडं शाईने सोडवलेलं. शिवाय आपल्याकडची लाडकी खोड म्हणजे बाइंडिंग. वीस अंक एकत्र शिवायचे, कडा कटिंग मशीनमध्ये सरळ करून घ्यायच्या आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव टाकायचं. वडिलांनी प्रेमाने केलेलं असतं. पण कडा कापलेला अंक जमवणाऱ्यांच्या हिशेबात पूर्ण धरत नाहीत, आणि असा गठ्ठा उसवायला गेलात तर पाठ फाटते. बांधलेला गठ्ठा बांधलेलाच राहू द्या. वाचायला त्याच्यासारखं सुख नाही, आणि ग्रेडवाल्यांना तो नको असल्यामुळे अंकामागे तो स्वस्तही पडतो.

अमर चित्रकथा घेताना वेगळी काळजी लागते. १९६७मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली ही मालिका सतत पुन्हा छापली गेली, म्हणून नुसतं जुनं दिसतं यावर जाऊ नका. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, अकरावा राम वाईरकरांनी चित्रं काढलेला कृष्ण. पुढे नव्या छपाईत कृष्णाला ५०१ हा क्रमांक मिळाला. तेव्हा कोणी ५०१ क्रमांकाचा कृष्ण "पहिला छापा" म्हणून गळ्यात मारत असेल तर हसून पुढे जा.

नोटा तपासायची बत्ती

भाव वाढले की नकला येतात. कव्हर गेलेल्या अंकाला रंगीत झेरॉक्सचं कव्हर लावून विकण्याचा प्रकार माझ्या बाबतीत झालेला आहे. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. चूक माझीच, संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात घेतलं.

ओळखायचे दोन सोपे उपाय आहेत. पहिला भिंगाचा. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं छोटं भिंग पुरतं. जुन्या छपाईत चेहऱ्याचा रंग हा ओळीने बसलेल्या ठिपक्यांचा असतो, नीट रांगोळीच्या ठिपक्यांसारखा. इंकजेटच्या प्रतीत ते फवाऱ्यासारखे विस्कटलेले दिसतात. जुन्या कव्हराचीच चांगल्या स्कॅनरवर नक्कल केली असेल तर जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके चढून जाळीदार लाटा उमटतात.

दुसरा उपाय मला इतवारीतल्या मित्राने दाखवला. त्याचं कापडाचं दुकान आहे. गल्ल्याशेजारी नोटा तपासायची जांभळी बत्ती असते, तिच्याखाली त्याने माझा अंक धरला. आतली पानं मळकट, मेलेल्या रंगाची राहिली. कव्हर निळंशार चमकलं, धुतलेल्या पांढऱ्या शर्टासारखं. आजच्या झेरॉक्सच्या कागदात तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून रसायन मिसळतात, तेच चमकतं. जुन्या वर्तमानपत्री कागदात ते नसतं. हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही, काही जुन्या गुळगुळीत कव्हरांचा कागदही थोडा चमकतो. पण आत एक आणि बाहेर दुसरंच दिसलं तर प्रश्न विचारायलाच हवा. तो मित्र त्यानंतर आठवडाभर मला "निळे कव्हरवाले" म्हणत होता.

हा फुगा आहे का?

थोडा आहे, आणि आधीही झाला आहे. नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकेत लोकांना शोध लागला की जुनी कॉमिक्स लाखांना जातात, मग नवीही घेऊन ठेवू. १९९१मध्ये एक्स-मेनच्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती गेल्या. सुपरमॅनच्या मृत्यूचा १९९२चा अंक लोकांनी काळ्या पाकिटातून न काढताच जपून ठेवला. गंमत अशी की सगळ्यांनीच जपला, त्यामुळे तो कधी दुर्मीळ झालाच नाही. आजही तो किरकोळ पैशांत मिळतो. फुगा फुटला, दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

कोविडच्या काळात घरात बसलेल्या लोकांनी पुन्हा भाव चढवले, आणि २०२१-२२नंतर ते बरेच उतरले. वर सांगितलेला स्पायडरमॅन त्याच चढतीचा. तेव्हा "जुनी कॉमिक्स म्हणजे एफडीपेक्षा बरी" असं कोणी सांगितलं तर त्याला विकायचा भाव विचारू नका, विकायला लागलेले दिवस विचारा. एफडी मोडायला एक सही लागते. कॉमिक्स विकायला तो डॉक्टर भेटावा लागतो.

मग जमवणारे काय करतात?

नागपुरात आम्ही जे सात-आठ जण एकमेकांना ओळखतो, त्यांच्यात कोणी श्रीमंत नाही. तरी जमवणं थांबलेलं नाही. फक्त पद्धत बदलली.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे हाव कमी केली. पूर्वी सगळं हवं असायचं. आता एकाने फक्त बहादूर धरलाय. एक जण फक्त प्रताप मुळीक यांची चित्रं असलेले अंक घेतो, मग ती अमर चित्रकथा असो की सुरुवातीचा नागराज. मी मराठी वेताळ धरला, तोही फक्त डेंकालीच्या जंगलातला. मूळ इंग्रजी पट्ट्यांतल्या जंगलाचं नाव बंगालशी जुळत होतं, म्हणून इंद्रजालने ते बदलून डेंकाली केलं. आमच्या पिढीला दुसरं नाव माहीतच नाही. चौकट आखली की बाकीच्या अंकांच्या भावाने पोटात दुखणं थांबतं.

दुसरं म्हणजे अदलाबदल. मघाशी म्हटलं तसं इथल्या गठ्ठ्यांत दोन भाषा असतात. मला मिळालेली हिंदी राज कॉमिक्स मी मित्राला देतो, तो मला मराठी इंद्रजाल देतो. बाहेरचा भाव काहीही असो, आमच्यात अंकाला अंक. यात पैसे मध्ये आले की मैत्री बिघडते हे आम्ही एकदा अनुभवलंय, तेव्हापासून वहीत फक्त अंकांची नोंद होते.

तिसरं म्हणजे वाचायची प्रत वेगळी आणि ठेवायची वेगळी हा नाद सोडला. कोपरे गेलेली, शिक्का मारलेली, कव्हर सुटलेली प्रत घ्यायची. किंमतीचा कडा वर आहे, आपण पायथ्याशी राहायचं. अशी प्रत जेवताना हातात घेता येते, आमटीचा थेंब पडला तरी जीव जात नाही. ज्यांचं नवं पुनर्मुद्रण निघालं आहे त्या गोष्टी सरळ नव्या छपाईत घेतो. आपल्यापुरतं स्कॅन करून ठेवणंही करतो. पण पीडीएफ ग्रुपवर टाकणं वेगळं, हक्क अजून कोणाच्या तरी मालकीचे आहेत.

खरेदी होते ती सुट्या अंकांची नाही, गठ्ठ्यांची. दिवाळीच्या साफसफाईचे पंधरा दिवस आणि परीक्षांनंतरचा एप्रिल हे आमचे हंगाम. शंभर अंकांचा गठ्ठा घ्यायचा, त्यातले दहा ठेवायचे, पन्नास अदलाबदलीला आणि बाकी विकून पैसे वसूल. कबाडीवाल्याशी ओळख असावी लागते, आणि त्याला योग्य पैसेही द्यावे लागतात. ज्याला काही माहीत नाही त्याच्याकडून किलोच्या भावाने सोनं उचलल्याच्या फुशारक्या मला आवडत नाहीत. पुढच्या वेळी तो फोन दुसऱ्याला करतो.

आणि एक वही घरच्यांसाठी. कुठला अंक कुठे आहे, किती महत्त्वाचा आहे, कोणाला विचारायचं. नाहीतर आपण गेल्यावर रद्दीवाला तराजू घेऊन येणारच आहे.

कूलरवाली खोली

जे आहे ते टिकवणं हीसुद्धा बचतच, आणि इथे नागपूर आपल्या विरोधात आहे.

वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे धागे तोडत जातं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की असली रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. स्लॅबखालचा माळा तेव्हा भट्टी असतो. आणि कॉमिक्स ठेवलेली असतात नेमकी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत.

म्हणून एका वर्षी मी सगळे अंक खाली थंड खोलीत आणले. थंड म्हणजे कूलरवाल्या खोलीत. वाळ्याचा सुगंध, गार वारा, मला वाटलं काय मस्त सोय झाली. जुलैत उघडून पाहिलं तर कव्हरं पापडासारखी लाटदार, पिनांना नारिंगी गंज आणि तीन अंकांना बुरशी. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून. आपल्याला तो गारवा, कागदाला ती ओल. उन्हाच्या भट्टीपेक्षा कूलरने माझं जास्त नुकसान केलं.

आता ते आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या लाकडी कपाटात, जमिनीपासून वीतभर वर आहेत. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत. फुलांच्या दुकानात गुच्छाला गुंडाळतात तसला करकरीत पारदर्शक कागद असतो ना, साधारण तसला. वास येणारं मऊ प्लास्टिक नको, त्यातून निघणारं द्रव्य शाईला चिकटतं. मागे आम्लविरहित पुठ्ठा. शर्टाच्या पेटीतला राखाडी पुठ्ठा नको, तो स्वतःच आम्ल सोडतो. डांबरगोळ्या नको. कडुनिंबाचा पाला आजीने सुचवला होता, पण ओला पाला डाग पाडतो आणि कसर त्याला फारशी भीत नाही. कसरीला भीती एकाच गोष्टीची, दर दोन महिन्यांनी कपाट उघडून अंक हलवण्याची. सेलोटेप मात्र कधीही नाही. लॅमिनेशनचं नावही काढू नका.

बर्डीचा तो अंक शेवटी मी घेतला. चारशेवर सौदा ठरला, कारण शेवटच्या पानाचा मुद्दा मी सोडला नाही. पहिल्या पानावर जांभळा शिक्का आहे, दुकानाचं नाव पुसट झालंय, खालची ओळ वाचता येते: "पान फाडल्यास दंड २५ पैसे." दंड भरला की नाही कोण जाणे.

मग कळलं की इतवारीतल्या मित्राकडे हाच अंक आहे. त्याचं कव्हर नाही, पण शेवटचं पान जागच्या जागी आहे. दोन्ही मिळून एक पूर्ण अंक होतो. जांभळी बत्ती मारून पाहिली, कागद जुळतो. लग्न लावायचं यावर दोघांचं एकमत आहे. पण ते माझ्या कपाटात नांदायचं की त्याच्या, म्हणजे मुलीकडचे कोण आणि मुलाकडचे कोण, यावर तीन महिने बोलणी अडली आहेत.